जपानी गायिका शीना रिंगोचं 'होन्नो' गाणं ऐकलं, आता पुढे काय ऐकू?

रातकिडा: काल रात्री होन्नोचा व्हिडिओ लागला, ती नर्सच्या कपड्यात हाताने काच फोडते तो, आणि तेव्हापासून गाणं डोक्यातून जातच नाहीये. हे रॉक आहे का जॅझ का अजून काही? आणि हिचं पुढे काय ऐकू?

तारसप्तक: वा, बरोब्बर ठिकाणी पोचलात! १९९९ चं सिंगल आहे, तिचं सगळ्यात जास्त खपलेलं. रॉक का जॅझ ते ठरवत बसू नका, दोन्ही आहे, पण आवाज ऐका तिचा, मुद्दाम खरवडल्यासारखा लावते आणि पुढच्याच ओळीत एकदम मऊ होतो, हे मला दुसऱ्या कोणात सापडलं नाही. आता 'शोसो स्ट्रिप' अख्खा ऐका, २००० चा अल्बम, होन्नो त्यातच आहे.

बेसवाला: आणि हेडफोन लावून बेस ऐका प्लीज. वाजवणारा सेइजी कामेदा. पहिल्या दोन्ही अल्बमची अरेंजमेंट त्याचीच, पुढे तिच्या तोक्यो जिहेन बँडमध्येही तोच. गाणं ती ओढतेय असं वाटतं, पण खालून ढकलतोय तो.

मिनू: मी तर म्हणेन आधी 'कोको दे किस शिते', त्यात सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या सिड व्हिशसचं नाव घेते ती! मग 'त्सुमि तो बात्सु', गिटारवर केनइचि आसाइ आहे, अंगावर काटा येतो.

रातकिडा: शोसो स्ट्रिप लावला पण, 'गिप्स'वर अडकलोय, पुढे जाववत नाहीये 😭