शाकाहारी पिल्लू आणि प्रीस्कूलचा डबा: तुमचे अनुभव लिहा

अबोली
काल रात्री भाचीचा फोन आला. ती डॅलसला असते, लेक आता प्रीस्कूलला जाणार. शाळेच्या फॉर्मवर ॲलर्जीचा रकाना आहे, आहाराचा नाहीच, मग 'शाकाहारी' लिहू कुठे, असं विचारत होती. फोन ठेवला आणि माझी लेक अडीच वर्षांची होती तेव्हाचं सगळं आठवलं.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत. घरात अंडंही नाही. वर्गातल्या बाई फार प्रेमळ, पण त्यांच्या लेखी शाकाहारी म्हणजे नगेट्स बाजूला काढून उरलेले फ्राइज. भारतातल्यासारखा हिरवा ठिपका इथे पाकिटांवर नसतो. मार्शमेलो, गमी बेअर्स, जेली, काही दह्यांतसुद्धा जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असतं, ते मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. मी एक कागद लिहून दिला. काय खात नाही ते दोन ओळींत, आणि काय आवडीने खाते ते भरपूर: राजमा, चीज, टोफू, दही, फळं. बाईंनी तो वर्गातल्या फ्रिजवर लावला. 'काय खाते' ही यादी त्यांना जास्त उपयोगी पडली.

पण माझ्या मते खरं शिकवायचं ते वेगळंच. शेजारच्या मुलाच्या डब्यात हॉटडॉग असला तर 'छी' म्हणायचं नाही. 'मी हे खात नाही' एवढंच म्हणायचं. अडीच वर्षांच्या पोराला हे कळतं, आणि ते घरूनच जायला हवं.

भाचीला हा धागा पाठवणार आहे. लिहा गं पटापट.

घाटावरची
जिलेटिन!! लकी चार्म्स या नाश्त्याच्या सीरियलमधल्या रंगीत तुकड्यांतही असतं. वाढदिवसाच्या गुडी बॅगा मी गाडीतच तपासायचे. मग शाळेतच एक डबा ठेवून दिला, आपल्याला चालणाऱ्या खाऊचा. कुणाचा वाढदिवस असला की बाई त्यातलं काढून द्यायच्या. लेकाला तो स्वतःचा खजिना वाटायचा.

तिसरी_घंटा
आमचं दुखणं शेंगदाणा. शाळा नट-फ्री. आता कूट न घालता मराठी बाईने करायचं काय? खिचडी नाही, काकडीची कोशिंबीर नाही, भरली वांगी नाहीत. तिळाकडे वळले तर २०२३ पासून अमेरिकेत तीळही मुख्य ॲलर्जींच्या यादीत. संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटू का विचारलं, नको म्हणाले. चुरमुऱ्याचे लाडू नेले, एक उरला नाही 😄

मुक्ता७
खिचडीत सूर्यफुलाच्या बियांचा कूट घाल. आधी शाळेला विचारून घे मात्र.

तिसरी_घंटा
सालासकट?

मुक्ता७
नाही गं, सोललेल्या मिळतात. मंद आचेवर भाज, पटकन करपतात.

बाबामाणूस
श्टुटगार्टजवळ राहतो. जर्मनीत कीटा (तिथली बालवाडी) सुरू होताना आईने किंवा बाबाने सुरुवातीला मुलासोबत जाऊन बसायचं असतं, मग हळूहळू वेळ कमी करतात. आमच्याकडे मी बसलो, त्यामुळे ताटात काय येतं ते डोळ्यांनी बघितलं. एक दिवस माउलटाशन. बाहेरून बघून काही कळत नाही, आत खिमा. 'मासे तर चालतात ना?' हे तर सगळ्यांनी विचारलं. वर्गात मुस्लिम मुलं बरीच, त्यामुळे पोर्क नव्हतंच आणि 'हा अमुक खात नाही' याचं बायांना नवल नव्हतं. त्यातल्या एका तुर्की बाईंनी माझ्या मुलाचं ताट स्वतःच्या नातवासारखं सांभाळलं. मी त्यांना कधी विसरणार नाही.

सुपरमार्केटात मात्र मांसाच्या काउंटरवरून लहान मुलांना कौतुकाने सॉसेजची चकती देतात. 'नाइन, डांके' (नको, धन्यवाद) हे आमचे चिरंजीव तिथेच शिकले.

पारिजात
इंग्लंडवाल्यांनो, पर्सी पिग या गमी गोळ्या २०१९ पासून जिलेटिनशिवाय आहेत. बाकी गोळ्यांची पाकिटं वाचा.

कोकणकडा
मी उलट्या बाजूने लिहिते. आम्ही रत्नागिरीचे, मासे खाणारे. पुण्यात लेकीच्या प्लेग्रुपमध्ये पहिल्याच मीटिंगला सांगितलं, डब्यात अंडंसुद्धा नको. पोरगी तेव्हा उकडलेल्या अंड्याशिवाय कशाला तोंड लावत नव्हती. नियम पाळला, धिरडी दिली. पण एका मुलाने तिला 'तुम्ही घाण खाता' म्हटलं, ते तिने रात्री झोपताना मला विचारलं. घाण म्हणजे काय गं आई? अबोली, तुझं 'छी म्हणायचं नाही' वाचून फार बरं वाटलं.

अबोली
कोकणकडा, पोटात तुटलं वाचून. भाचीला हा प्रतिसाद आधी वाचायला सांगते.

सेविकेची_लेक
माझी आई अंगणवाडी सेविका, अकोले तालुक्यात. अमृत आहार योजनेत मुलांना अंडी मिळतात, न खाणाऱ्यांना केळी. आमच्याकडे माळकरी घरं खूप. आई सगळ्यांना एकाच पंगतीत बसवते. याच्या हातात केळं, त्याच्या हातात अंडं, दोघंही सोलण्यात गुंग. कुणी कुणाला काही म्हणत नाही.

घाटावरची
आईंना नमस्कार सांग 🙏

सुगरण_आजी
नातवाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं लिहिते, कामाचं आहे. मूल शाकाहारी असेल तर लोह आणि बी-१२ कडे लक्ष हवं. डाळी, पालेभाजी यांसोबत लिंबू, संत्रं, पेरू असं काही द्या, लोह जास्त अंगी लागतं. पोह्यांवर लिंबू पिळतो ते योग्यच. आणि 'जेवत नाही तर दूध तरी पिऊ दे' असं करून दिवसाला ७०० मिलीच्या वर दूध नको, भूक मरते आणि लोह कमी पडतं. द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खी नकोत, घशात अडकतात.

मुक्ता७
आजी, वरणभात दुपारपर्यंत गरम कसा ठेवता? आमचा गार होऊन परत येतो.

सुगरण_आजी
थर्मासच्या डब्यात आधी उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकण लाव. ते ओतून मग भात भर, काठोकाठ. अर्धा रिकामा ठेवलास तर लवकर निवतो. तूप वरून नको, कालवूनच घाल.

तिसरी_घंटा
कोणता थर्मास घेतला? आमच्याचं झाकण लेकीला उघडत नाही, बाई उघडून देतात.

बाबामाणूस
रुंद तोंडाचा बघा. आणि घरी रोज तिलाच उघडायला लावा.