आभाळ म्हणू का आकाश? एक शब्द अडला

मंडळी, मी यवतमाळकडल्या एका गावात चित्रकला शिकवतो. पोरांना यूजेन बूदँ (१८२४-१८९८) या फ्रेंच चित्रकाराचे पेस्टल दाखवायचे आहेत, नुसतं वरचं, ढग अन् संध्याकाळचा उजेड. खाली मराठीत काय लिहू? 'आकाश अभ्यास' लिहिलं तर पोरांना भूगोलाचा धडा वाटते.

> 'आकाशाची अभ्यासचित्रे' लिहा, विषय संपला.

संपत नाही ना भाऊ! अभ्यासचित्र ठीक आहे, पण आकाश म्हणजे निळं मोकळं असलं तरी आकाशच. आमच्याकडं 'आभाय' म्हटलं की ढग आलेच पाहिजे, मुळात शब्दच अभ्रावरून आलाय. बाबा सकाळी वर पाहून म्हणतात "आज आभाय हाय, फवारनी राहू दे", तिथं आकाश घालून पाहा बरं. बूदँनं रंगवलं ते हेच. फ्रेंच कवी बोदलेरनं (नावं सारखी, माणसं वेगळी) १८५९ मध्ये त्याचे असे शेकडो पेस्टल पाहिले, त्यांवर तारीख, वेळ, वारा लिहिलेला, म्हणजे ८ ऑक्टोबर, दुपार, वायव्येचा वारा असं, अन् तो म्हणे लिहिलेलं हातानं झाकलं तरी ऋतू अन् वारा ओळखू येतो. आता हे आभाळ नाही तर काय?

> पटलं. उजेडाला मात्र संधिप्रकाश लिहू नका, तो पहाटेलाही चालते. आपल्याकडं सूर्याला दिवसच म्हणतात, 'दिवस बुडता बुडता' लिहा. अन् पेस्टलला खडू का नाही?

खडू म्हटलं की पोरं फळ्याकडं पाहतात. अन् पेस्टल म्हटलं की ऑइल पेस्टलचा डबा काढतात, तो मेणकट. हा कोरडा, रंगाची भुकटी अन् नावापुरता डिंक, वाळायची वाट पाहा लागत नाही म्हणून तर पळत्या ढगामागं हात पुरतो, फक्त बाही लागली की आभाळ बाहीला. मी पेस्टलच ठेवतो, मराठी शब्दासाठी उगाच ओढाताण कशाला.

तर मथळा ठरला, 'आभाळ, दिवस बुडता बुडता'. काल पोरांकडून एकेक काढून घेतलं, म्हटलं मागं तारीख, वेळ, वारा लिहा. एकानं वेळेच्या जागी लिहिलं, "बकऱ्या घरी आल्या तवा".