देव मानणाऱ्या घरात वेगळं मत आलं तेव्हा काय झालं? (अनुभव धागा)

सिंहस्थ तोंडावर आलाय आणि नाशकात पुन्हा तोच वाद रंगतोय: देवधर्म करणारी माणसं विज्ञानाकडे, वेगळ्या मताकडे मोकळ्या मनाने बघू शकतात का? एक बाजू म्हणते शक्यच नाही. दुसरी म्हणते, आमच्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं. दोघांचंही ऐकून माझ्या हाती काही लागत नाही.

खरं तर सिंहस्थाचा मुहूर्तच आकाशाकडे बघून ठरतो. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. पण गुरूची सूर्याभोवतीची फेरी पूर्ण बारा वर्षांची नाही, 11.86 वर्षांची आहे. अशा सात फेऱ्या 84 नव्हे, 83 वर्षांत संपतात, म्हणून कधीतरी एक सिंहस्थ अकराव्याच वर्षी येतो. हा हिशेब ठेवणारे लोक श्रद्धाळूच होते. तेव्हा श्रद्धा आणि निरीक्षण एका पंचांगात नांदू शकतात, यात मला शंका नाही. मला कळून घ्यायचंय ते घरातलं.

म्हणून मतं नकोत, प्रसंग लिहा. नवी माहिती किंवा विरुद्ध विचार घरात आला तेव्हा नेमकं काय बदललं? काहीच बदललं नसेल तर तेही लिहा. नावं नकोत, भाग सांगितला तरी पुरे.

पंचवटी

आमचं घर तीर्थोपाध्यायांचं. यजमानांच्या वंशावळीच्या वह्या अजून कपाटात आहेत आणि बाबा रोज गंगेवर जातात. (बाहेरगावच्यांसाठी: नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.) मी मायक्रोबायोलॉजी शिकत असताना प्रात्यक्षिकासाठी पाण्याचे नमुने न्यायचे होते. मी एक घरच्या नळाचा नेला, एक रामकुंडातला.

चाचणी साधी असते. लॅक्टोजचं द्रावण भरलेल्या परीक्षानळ्या, प्रत्येकीत एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली. पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू असले तर ते लॅक्टोज आंबवतात, वायू सुटतो आणि उलट्या नळीच्या टोकाशी बुडबुडा अडकून बसतो. चोवीस तासांनी बघायचं, नाही दिसला तर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. नळाच्या पाण्याच्या नळ्यांत काही नव्हतं. कुंडाच्या पाण्याच्या सगळ्या नळ्यांत बुडबुडे. ही पहिली पायरी, खात्रीसाठी पुढे आणखी दोन असतात. त्याही झाल्या आणि निकाल तोच राहिला.

मी बाबांना फोटो दाखवले. ते चिडतील असं आईला वाटत होतं. त्यांनी विचारलं, "बाटली उकळून घेतली होतीस का? आणि वरच्या अंगाला, सोमेश्वरापाशी काय आहे?" आमच्या बाईंनीही हेच दोन प्रश्न विचारले होते. मग सोमेश्वरचं पाणी आणलं. तिथल्या काही नळ्यांत बुडबुडा आला, काहींत नाही. अंघोळीच्या पाण्यात विष्ठेतल्या कोलिफॉर्मची इष्ट मर्यादा 100 मिलीलीटरमागे 500 आणि कमाल 2500, हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यांनी पंचांगात ठेवला.

पुढे केव्हातरी ते घरून गाळलेल्या पाण्याचा तांब्या घाटावर न्यायला लागले. यजमानांना आचमन त्या पाण्याचं. त्यांचा युक्तिवाद असा की कलशपूजनात आपण घरच्या पाण्यात सात नद्यांना बोलावतो, त्यात गोदावरीही आहे. घरी चालतं ते घाटावर का चालू नये? एका उपाध्यांनी टोकलं, "म्हणजे गंगा अशुद्ध म्हणायची?" बाबा म्हणाले, "गंगेला कोण म्हणतंय? तिच्यात गटारं कुणी सोडली ते विचार."

त्यांचं स्नान, संध्या, काही सुटलेलं नाही.

मेरी, म्हसरूळ

आमचं छोटंसंच. 7 सप्टेंबर 2025 चं खग्रास चंद्रग्रहण. आईने वेध पाळले, दुधातुपात तुळशीची पानं टाकली आणि रात्री अकराला तिनेच सगळ्यांना गच्चीत नेलं. ढगांच्या फटीतून चंद्र तांबूस दिसत होता. माझ्या मुलाने सांगितलं की पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला लाल उजेड तेवढा चंद्रावर पोचतो. आई म्हणाली, "मग राहू कुठे असतो?" तो म्हणाला, "चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे राहू, समोरचा केतू." तिला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळात तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. पाटावर हळदीकुंकवाने दोन गोल काढून!

सिडको

मी ज्योतिष शिकलेला माणूस आहे. पत्रिका बघतो, पैसे घेत नाही. 2008 च्या सुमारास जयंत नारळीकरांनी पुण्यात जी चाचणी घेतली ती आमच्या मंडळींत अजून कुणी काढत नाही, म्हणून इथे काढतो. 100 हुशार आणि 100 गतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या आणि कोणती कुणाची एवढंच ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

आमच्या वर्गात यावर एकच उत्तर होतं, चाचणीची पद्धत चुकीची. मी म्हटलं, ठीक, मग बरोबर पद्धत आपण ठरवू, आपल्याच पत्रिका घेऊ, आपलेच जाणकार बसवू. दोन-तीन बैठकांत विषय काढला. कुणी पुढे आलं नाही. मला चाचणीच्या आकड्यापेक्षा हे जास्त लागलं. ज्याला आपण शास्त्र म्हणतो ते तपासायला आपणच का कचरतो?

तेव्हापासून मंगळ आहे म्हणून स्थळ नाकारा, असं मी कुणालाही सांगत नाही. आजाराचा प्रश्न घेऊन कुणी आलं तर पत्रिका उघडतच नाही, आधी डॉक्टर. ग्रहगणित मात्र आवडीने करतो, त्यात काही खोटं नाही. देवावरची माझी श्रद्धा तसूभरही कमी झालेली नाही. संध्याकाळी रामरक्षा म्हणतो. पत्रिकेवरचा भरवसा गेला म्हणून रामावरचा जाईल असं लोक का धरून चालतात, मला कळत नाही.

*(धागा काढणारी: हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. आपण श्रद्धा म्हणतो तेव्हा देव, ग्रह, रूढी, घराण्याची पत असं सगळं एकाच गाठोड्यात बांधतो. ते सोडून बघायला हवं.)*

जुने नाशिक

अम्मीला शुगर, इन्सुलिन चालू. डॉक्टरांनी सांगितलं, रमजानचे सगळे रोजे झेपणार नाहीत. अम्मी ऐकेना. मी मशिदीत मौलानांना विचारलं. ते म्हणाले, कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात आजारी माणसाला स्पष्ट सवलत आहे. बरं होणं शक्य नसेल तर एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घाला. त्यांनी घरी येऊन अम्मीला समजावलं. तरी ती गप्पच. दोन दिवसांनी बोलली, "शेजारच्या बायका विचारतील, रोजा आहे ना? मी काय सांगू?"

म्हणजे अडचण अल्लाहची नव्हती, गल्लीची होती. मग खालाने मार्ग काढला. फिदयाचं (रोज्याऐवजी गरिबाला द्यायचं) जेवण तिने अम्मीच्याच हाताने वाटायला लावलं, सगळ्यांसमोर. आता डॉक्टर सांगतील तेवढेच रोजे, तेही दुपारी बोट टोचून शुगर बघून. 70 च्या खाली गेली की लगेच खजूर तोंडात, हे मौलाना आणि डॉक्टर दोघांनीही सांगितलंय.

नाशिकरोड

माझा अनुभव उलटा आहे.

वडिलांनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. माणूस पूर्ण धार्मिक, गीतेचा अध्याय म्हटल्याशिवाय चहा घेत नसत. ते पहाटे गेले. मी नेत्रपेढीला फोन लावत होतो तर मोठे काका आडवे आले. "डोळे काढून घेतले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल." मी आमच्या गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. गुरुजी म्हणाले, देह जुनं वस्त्र आहे, डोळे दिल्याने आत्म्याचं काही अडत नाही, खुशाल द्या, पुण्यच आहे. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या भावकीत मला तोंड दाखवायचंय."

बुबुळ सहा तासांच्या आत काढावं लागतं. घरात माणसं जमत राहिली, कुजबुज होत राहिली, वेळ निघून गेली. गुरुजींचा होकार होता, वडिलांची सही होती. अडलं ते भावकीपाशी. याला श्रद्धा म्हणून माफ करायला माझं मन तयार नाही.

सातपूर (पूर्वी पेठ तालुक्यात आरोग्यसेवक)

मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. पेठकडे पावसाळ्यात सर्पदंश नेहमीचा. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. तोवर माणूस भगताच्या अंगणात असतो. बरेचसे साप बिनविषारी असल्यामुळे भगताला यशही भरपूर येतं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला. साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. कायदा हवाच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण रात्री दोन वाजता पाड्यावर कायदा कोण सांगणार?

आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या भगताकडे मी जाऊन बसायला लागलो. त्याचा देव खोटा, असं एकदाही म्हटलं नाही. पापणी कशी उतरते आणि ती उतरायला लागली की माणूस किती वेळ टिकतो, एवढंच सांगत राहिलो. तो चांगला ऐकणारा होता. त्याने स्वतः पाहिलेल्या मरणांची आठवण काढून म्हणाला, "त्या पोराची पापणी अशीच उतरली होती." मग त्यानेच तोड काढली: मंत्र जीपमध्ये बसून म्हणायचा, जीप दवाखान्याकडे चालू ठेवायची. आला की दारातच पेशंट आमच्या ताब्यात द्यायचा आणि लस चढेपर्यंत बाहेर बसून राहायचा. पाड्यावरची माणसं त्याच्या शब्दावर दवाखान्यात आली, माझ्या शब्दावर आली नसती. आमच्या चळवळीतल्या काही मित्रांना ही तडजोड वाटते. मला ती वाटत नाही. माणसं जगली.

उपनगर

वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे. पण लस, ग्रहण, पाणी यांच्याबाबत मोकळं होणं तुलनेनं सोपं. वेगळं मत सांगणारा माणूस वेगळ्या वस्तीतला असला की कस लागतो. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. पाच वर्षं दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, ती त्यानंतर. आमचे आजोबा त्या सत्याग्रहात होते. दार अडवणारे कुठलं विज्ञान नाकारत नव्हते, माणूस नाकारत होते.

आता माझ्या घरचं. मुलगी होस्टेलला असताना मैत्रिणींबरोबर गणपतीच्या आरतीला उभी राहिली. आमच्याकडे बौद्ध धम्माच्या बावीस प्रतिज्ञा, त्यात गणपती न मानण्याचीही, सासरे संतापले. मी म्हटलं, तिला विचारू तरी. ती म्हणाली, "मी हात जोडले नाहीत, टाळ्या वाजवल्या, कारण माझ्या वाढदिवसाला त्या त्रिरश्मी बौद्ध लेण्यांवर आल्या होत्या." सासरे अजून राजी नाहीत. पण त्या मुली घरी आल्या तेव्हा त्यांनी स्वतः त्यांना येवल्याची हकीकत सांगितली, तासभर. मुलींनी प्रश्न विचारले, अवघड विचारले, आणि ते रागावले नाहीत.

शरणपूर

शाळेत विज्ञान शिकवते, दर रविवारी चर्चला जाते. महास्फोट शिकवला की एखादा पालक विचारतोच, "मॅडम, तुमच्या बायबलमध्ये तर सहा दिवस आहेत?" मी सांगते की विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. पुढे पोपनी त्या सिद्धांतात उत्पत्तीचा पुरावा बघितला, तेव्हा ही सरमिसळ लमेत्र यांनाच रुचली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. निकाल आपल्या धर्माच्या सोयीचा दिसत असतानाही तो गणितापुरताच ठेवायचा. गैरसोयीचा निकाल पचवण्यापेक्षा हे अवघड असावं.

इंदिरानगर

नाशिकरोडच्या दादांना विचारायचंय. आमच्याकडे सासूबाईंची नेत्रदानाची इच्छा आहे, वय 81, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चश्मा आहे. चालतं का? आणि आयत्या वेळी नेमकं काय करायचं?

नाशिकरोड

चालतं, ताई. वयाची अट नाही, चश्मा आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. कावीळ, एचआयव्ही, रेबीज असे काही संसर्ग असले तर घेत नाहीत, ते नेत्रपेढीवाले विचारतात. त्या क्षणी पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि लगेच फोन. माणसं घरी येतात, साधारण वीस मिनिटांचं काम असतं, चेहरा विद्रूप होत नाही. अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाच्या संमतीवर होतं. उलट अर्ज भरलेला असूनही संमती लागतेच, आमचं तिथेच फसलं. तेव्हा नेत्रपेढीचा नंबर आत्ताच फ्रिजवर लावा आणि सासूबाईंना हे सगळ्या भावकीसमोर त्यांच्या तोंडाने बोलू द्या. गुरुजींना त्या दिवशी जेवायला बोलवा.