मदत हवी आहे: वारा आणि लाटांची वीज एकत्र केली तर पुरवठा खरंच स्थिर होतो का, हे कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीला राहते, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विषय घेतलाय समुद्रातल्या पवनचक्क्या आणि लाटांवर चालणारी यंत्रं एकाच जागी, एकाच केबलवर. परवा सादरीकरणात सरांनी विचारलं, "आपल्याकडे वाराही पावसाळ्यात आणि लाटाही पावसाळ्यातच. मग एकाने दुसऱ्याला सांभाळून कधी घ्यायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

सरांचं बरोबरच आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला, नंतर दोन्ही उतरतात. पण तासातासाचं काय? वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की ती एकदम आठव्या हिश्शावर येते. लाट अशी लगेच बसत नाही. माझ्या मैत्रिणीचं घर दिवाळे कोळीवाड्यात आहे. तिचे आजोबा ओट्यावर जाळं शिवत होते, त्यांना विचारलं. हातातली सुई न थांबवता म्हणाले, "वारा परला म्हंजे दर्या परला, आसा नाय गो." शिवाय हिंद महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा आपल्याकडे वारा नसतानाही येतात.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासाठी २०१० साली केलेला एक अभ्यास वाचला. नुसत्या वाऱ्यावर वर्षात १००० हून जास्त तास वीज शून्य, नुसत्या लाटांवर २०० हून जास्त, आणि दोन्ही एकत्र केल्यावर १०० पेक्षा कमी. मला असंच गणित रत्नागिरीसमोरच्या समुद्रासाठी मांडायचंय. ईआरए-५ (युरोपियन हवामान केंद्राचा गेल्या वर्षांतल्या हवामानाचा मोफत संच) मधून वारा आणि लाटांचे तासागणिक आकडे उतरवून घेतलेत. (खाडीत का नाही, असं घरचेही विचारतात. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटी आहे, पण मोठ्या लाटा आत पोचतच नाहीत.)

अडलंय ते लाटांच्या बाजूला. पवनचक्कीचं सोपं आहे, साधारण ३-४ मीटर प्रति सेकंदाला सुरू, २५ ला बंद. लाटेतली ऊर्जाही काढता येते: उंचीचा वर्ग गुणिले लाटेचा कालावधी, त्याच्या साधारण निम्मे किलोवॅट दर मीटर रुंदीला. ८ सेकंदांची १ मीटर उंच लाट म्हणजे ४ किलोवॅट, ३ मीटर उंच असेल तर ३६. पण यंत्र त्यातलं किती पकडतं? बहुतेक लेखांत स्कॉटलंडच्या पेलामिस या यंत्राचं कोष्टक (किती उंचीच्या आणि कालावधीच्या लाटेला यंत्र किती वीज देतं, त्याचा तक्ता) वापरलंय. ते ७५० किलोवॅटचं यंत्र अटलांटिकच्या लाटांसाठी बनवलेलं, कंपनीही २०१४ मध्ये बुडाली. आपल्या हिवाळ्यातल्या मीटरभर लाटेवर ते क्षमतेच्या जवळपासही जात नाही. मग उत्तर आपल्या समुद्राचं येणार की चुकीच्या यंत्राचं?

लहान लाटांसाठीच्या यंत्राचं कोष्टक कुणाकडे आहे का? की कोष्टकातल्या उंच्या आपल्या लाटांच्या मापाने खाली आणून वापरलं तर चालतं? पावसाळा आणि उरलेले आठ महिने वेगळे मोजावेत असं मला वाटतं, नाहीतर सरांचा प्रश्न वर्षाच्या सरासरीत दडून जाईल. आणि इन्कॉइसच्या (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) रत्नागिरीजवळच्या बोयाचे, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राचे आकडे विद्यार्थ्यांना मागता येतात का? कुणी मागवले असतील तर अर्ज कसा केलात ते सांगा, प्लीज. पुढच्या शुक्रवारी पुन्हा सरांसमोर उभं राहायचंय.