डेशियातील सोन्याच्या नाण्यांवरील ‘कोसोन’ हा लेख कसा वाचावा?

अश्मलेख यांचा प्रश्न

रोमानियातील ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे प्राचीन डेशियाच्या प्रदेशात, मुख्यतः सार्मिझेजेतुसा या डेशियन राजधानीभोवतीच्या ओराश्तिए डोंगरांत, सोन्याची जी ‘कोसोन’ नाणी सापडतात, त्यांच्यावरील लेखाविषयी जाणकारांचे मत हवे आहे. सुमारे ८.४ ग्रॅम वजनाच्या या नाण्याच्या दर्शनी बाजूवर टोगा हे रोमन वस्त्र परिधान केलेले तीन पुरुष चालताना दिसतात आणि त्यांच्या पायांखाली ग्रीक लिपीत ‘कोसोन’ ही पाच अक्षरे आहेत. मागील बाजूवर राजदंडावर उभा असलेला गरुड एका पायात पानांचे कडे धरून आहे. काही नाण्यांवर अक्षरे एकमेकांत गुंफून केलेला एक मोनोग्रामही असतो, काहींवर तो नसतो.

युरोपीय विद्वान इरास्मसने १५२० मध्ये एका पत्रात या आकृत्यांचा अर्थ लावताना त्या तीन पुरुषांत तारवातून बाहेर पडणारा नोहा व त्याचे दोन मुलगे पाहिले आणि गरुडाला जैतुनाची डहाळी आणणारे कबुतर मानले. आज तो अर्थ कोणी स्वीकारत नाही, परंतु ‘कोसोन’ हे राजाचे नाव आहे, जमातीचे आहे की गावाचे, याबद्दल परस्परविरोधी विधाने वाचायला मिळतात. ही नाणी सीझरचा मारेकरी ब्रुटस याने पाडली, असेही काही जण ठामपणे लिहितात. यातले ग्राह्य काय धरावे?

मुद्रापारखी यांचे उत्तर

अक्षरांकडे वळण्यापूर्वी चित्रे कोठून आली ते पाहणे इष्ट ठरेल, कारण या नाण्यावरील दोन्ही चित्रे उसनी आहेत. दर्शनी बाजूचा नमुना म्हणजे मार्कस जुनियस ब्रुटसने इ. स. पू. ५४ मध्ये रोमच्या टांकसाळीचा अधिकारी असताना काढलेला देनारियस हे चांदीचे रोमन नाणे होय. त्यावर रोमन प्रजासत्ताकाचा पहिला कॉन्सल (सर्वोच्च पदाधिकारी) मानला जाणारा त्याचा पूर्वज, खांद्यावर काठ्यांच्या मोळ्या घेतलेल्या लिक्टर या शासकीय सेवकांच्या मधोमध चालताना दाखवला आहे. मूळ देनारियसवर पुढे चालणारा आणखी एक सेवक असल्यामुळे आकृत्या चार आहेत. सोन्याच्या नाण्यावर तो गाळलेला आहे. गरुडाची बाजू मात्र क्विंटस पोम्पोनियस रुफस या वेगळ्याच अधिकाऱ्याच्या, त्याहून जुन्या देनारियसवरून घेतलेली आहे.

आता एक तपशील नीट पाहावा. रोमन देनारियसवर आकृत्यांच्या पायांखाली ‘ब्रुटस’ असे नाव आहे आणि डेशियन नाण्यावर नेमक्या त्याच जागी ‘कोसोन’ आहे. नमुना समोर ठेवून ठसा कोरणाऱ्या कारागिराने नाणे काढणाऱ्याच्या नावाची जागा ओळखली आणि तेथे आपल्या धन्याचे नाव घातले, हे मला सर्वांत सरळ स्पष्टीकरण वाटते.

व्याकरणाची एक अडचण मात्र खरी आहे. ग्रीक राजांच्या नाण्यांवर नाव बहुधा षष्ठी विभक्तीत येते. डेशियात विपुल सापडणाऱ्या, अलेक्झांडरचा सेनापती व पुढे राजा झालेल्या लिसिमाकसच्या सुवर्णनाण्यांवर ‘राजा लिसिमाकसचे’ असाच लेख आहे. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपान या शक क्षत्रपाच्या नाण्यांवरही ‘क्षहरातस नहपानस’ असे षष्ठीचेच रूप आहे. ‘कोसोन’ हे रूप एकवचनी नाव मानले, तर ते प्रथमेत आहे. षष्ठी मानली, तर ती अनेकवचनाची ठरते आणि ‘कोस लोकांचे’ असा अर्थ निघतो. जमातीच्या नावाची कल्पना येथूनच आली. परंतु रोमन देनारियसवरील ‘ब्रुटस’ हे नावही प्रथमेतच आहे, हे ध्यानात घेतले की ती अडचण बरीच हलकी होते, कारण कारागिराने शब्दाची जागा जशी नमुन्यावरून घेतली, तशीच त्याची विभक्तीही घेतली असणार.

पूर्वपक्ष यांचे उत्तर

ब्रुटसचा पक्ष इतक्या लवकर निकालात काढू नये. मोमसेनसारख्या इतिहासकाराने कोसोन हा ब्रुटसला साहाय्य करणारा थ्रेशियन सत्ताधीश मानला होता, आणि त्यामागे आपियन या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचा आधार आहे. डॅन्यूबच्या दक्षिणेकडील थ्रेसमधील पोलेमोक्रातिया या विधवा राणीने आपला मुलगा व खजिना ब्रुटसच्या स्वाधीन केला आणि ब्रुटसने त्या धातूची नाणी पाडली, असे आपियन सांगतो. हे इ. स. पू. ४२ मधील फिलिपीच्या लढाईपूर्वीचे प्रसंग आहेत. मोनोग्राममध्ये ‘ब्र’ ही ब्रुटसच्या नावाची आद्याक्षरे वाचणारे अभ्यासक आजही आहेत.

मुद्रापारखी यांचे उत्तर

आपियनचा उतारा महत्त्वाचा आहेच, पण त्यात कोसोन हे नाव नाही. शिवाय ब्रुटस जर आपल्या सैन्याला वेतन देण्यासाठी नाणी पाडत असता, तर ती मॅसिडोनियात आणि थ्रेसमध्ये पसरलेली दिसली पाहिजे होती. प्रत्यक्षात त्यांचे मोठे निधी, म्हणजे एकत्र पुरलेले साठे, डॅन्यूबच्या पलीकडे, डेशियन किल्ल्यांच्या परिसरात मिळतात. पोम्पोनियसच्या नाण्याशी ब्रुटसचा काही संबंध नसताना त्याने ते चित्र का निवडावे, याचेही उत्तर त्या पक्षाकडे नाही. रोमन देनारियस डेशियात मोठ्या प्रमाणावर वापरात होते आणि त्यांच्या हुबेहूब नकला तेथेच होत होत्या. तिलिश्का येथे १९६१ मध्ये अशा नकलांचे ठसेच सापडले आहेत.

मोनोग्रामचे ‘ओल्ब’ असेही वाचन करून काळ्या समुद्राकाठच्या ओल्बिया नगराशी नाते जोडले गेले. ते मला पटत नाही, कारण डेशियनांशी जवळचे नाते असलेल्या गेटी लोकांनी हे नगर त्याच शतकात उद्ध्वस्त केल्याचे ग्रीक वक्ता डिओ क्रिसोस्टोम सांगतो. अशा नगराने दूरच्या ट्रान्सिल्व्हेनियात सापडणारी इतकी सोन्याची नाणी काढली असावीत, हे संभवत नाही.

अश्मलेख यांचा पुढील प्रश्न

हे विवेचन फार उपयुक्त आहे. रोमन चरित्रकार सुएटोनियसने उल्लेखिलेला, ऑगस्टसने ज्याला आपली मुलगी देऊ केल्याचा आरोप अँटनीने केला होता, तो गेटी राजा कोतिसो आणि हा कोसोन एकच मानता येतील का? होरेसच्या काव्यातही डेशियन कोतिसोच्या सैन्याचा पाडाव येतो.

धातुवेध यांचे उत्तर

नावांचे साम्य आणि काळाची जवळीक यांमुळे ती शक्यता विचारात घेण्याजोगी आहे, पण नाण्यावर ‘त’चे अक्षर नाही आणि राजा ही पदवीही नाही. बुरेबिस्ता या बलाढ्य डेशियन राजाचा अंत झाल्यावर त्याचे राज्य चार-पाच भागांत विभागले गेल्याचे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. त्यामुळे एकाच काळी अनेक सत्ताधीश होते आणि कोसोन त्यांपैकी आणखी एक असू शकतो.

मोनोग्रामविषयी मात्र अक्षरांपेक्षा धातू अधिक बोलका आहे. रोमानियन शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या पृथक्करणात मोनोग्राम असलेली नाणी शुद्ध केलेल्या सोन्याची आढळली, तर मोनोग्राम नसलेल्या नाण्यांत ट्रान्सिल्व्हेनियातील नद्यांच्या वाळूतून मिळणाऱ्या, चांदीचा अंश असलेल्या नैसर्गिक सोन्याचे गुण दिसले. सार्मिझेजेतुसाच्या परिसरातून चोरून उकरलेली आणि पुढे रोमानियाने परत मिळवलेली डेशियन सर्पिलाकार कंकणेही तशाच नैसर्गिक सोन्याची आहेत. याचा अर्थ ही दोन प्रकारची नाणी धातूच्या दोन वेगळ्या साठ्यांतून झाली, आणि मोनोग्राम हा नगराच्या किंवा व्यक्तीच्या नावापेक्षा त्या विशिष्ट साठ्याची किंवा टांकसाळीची खूण असण्याचा संभव माझ्या मते अधिक आहे.

यातले पहिले कोणते, हे ठरवायला नाणी एकाच निधीत कोणत्या क्रमाने आणि कशासोबत पुरली गेली हे कळणे आवश्यक होते. गेल्या शतकाच्या अखेरीस धातुशोधक यंत्रे घेऊन डोंगरात शिरलेल्या चोरट्यांनी अनेक निधी उकरून विकल्यामुळे, आज लिलावांत दिसणाऱ्या कित्येक नाण्यांबाबत ही माहिती उरलेली नाही. आपण छायाचित्रांवरून अभ्यास करणार असाल, तर संग्रहालयांतील, सापडल्याचे स्थळ नोंदवलेली नाणी आधी घ्यावीत आणि दोन्ही प्रकार वेगळे मांडून प्रत्येकाच्या ठशांची तुलना करावी.