संमोहन, वशीकरण, मोहिनी : अर्थ एकच का?

प्रश्न

धाकट्या बहिणीला आयबीएसचा, म्हणजे पोटात कळा आणि जुलाब-बद्धकोष्ठता असा आतड्याचा जुनाट त्रास आहे. गोळ्या झाल्या, पथ्यं झाली. आता पोटविकाराच्या डॉक्टरांनी संमोहनोपचार सुचवलाय. आई म्हणते, "वशीकरण करणाऱ्याच्या ताब्यात पोर द्यायची नाही." संमोहनाचा अर्थ बघायला गेलं तर मोहिनी घालणे, भुरळ पाडणे असंच हाती लागतं. मग आईचं चुकतंय कुठे? या उपचाराला दुसरा बरा शब्द आहे का?

प्रतिसाद

शब्दापुरतं आईंचं बरोबर आहे, ताई. मुह् या धातूपासून मोह, मूढ, मुग्ध आणि संमोहन आले. गीतेत 'क्रोधाद्भवति संमोहः संमोहात्स्मृतिविभ्रमः' म्हटलंय, म्हणजे संमोह झाला की विवेक सुटतो. मदनाच्या पाच बाणांत एक संमोहन. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्र सोडतो आणि कौरवांची शुद्ध हरपते. दुसऱ्याने सोडायचं आणि आपण बळी पडायचं, हा अर्थ आपल्या कानांत फार जुना आहे.

उपचारात यातलं काही घडत नाही. खुर्चीत टेकून डोळे मिटायचे, श्वासावर लक्ष आणायचं. समोरचा शांतपणे सांगत असतो : पोटावर हात ठेवा, हाताची ऊब आत उतरतेय असं मनात आणा, आतड्याची हालचाल संथ नदीसारखी डोळ्यांपुढे आणा. सगळं ऐकू येत असतं. नाकाला खाज आली तर खाजवता येते, नको वाटलं तर उठून जाता येतं. घरी त्याचाच सराव करायचा असतो. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये या पद्धतीचा आयबीएसवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नंतर इतरांनीही तिचा उपयोग पडताळला. सगळ्यांना गुण येतो असं नाही. काहींचं मन पटकन एकाग्र होतं, काहींचं होत नाही. तपासण्या आणि औषधं चालूच ठेवायची.

आपल्या रोजच्या बोलीत याला सगळ्यांत जवळचा प्रयोग मला 'तंद्री लागणे' हा वाटतो. तंद्री कुणी 'घालत' नाही, ती आपली आपल्याला लागते. म्हणून 'डॉक्टर तिला संमोहित करणार' असं म्हणू नका, 'ती संमोहनाचे उपचार घेणार' म्हणा. क्रियापद बदललं की कर्ता बदलतो, आणि या उपचारात कर्ता खरोखरच रुग्ण असतो.

दुसरा प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला गोव्याची साक्ष आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले ख्रिस्ती धर्मगुरू आबे फारिया पॅरिसमध्ये लोकांना खुर्चीत बसवून, डोळे मिटवून 'झोपा!' असं म्हणत. मेस्मर या जर्मन वैद्याचे अनुयायी तेव्हा म्हणायचे की उपचारकाच्या शरीरातून चुंबकीय द्रव वाहतो. फारियांनी ते साफ नाकारलं : जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. आज पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. हात पसरलेले फारिया आणि मागे कलंडणारी बाई. शिल्प देखणं आहे, पण पाहणाऱ्याला वाटतं ताकद त्या हातांत आहे, आणि फारियांचं म्हणणं नेमकं उलट होतं. मला हे दरवेळी खटकतं.

इंग्रजी शब्दाचीही तीच गत. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी 'झोप' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'हिप्नॉटिझम' रूढ केला. पुढे ही झोप नव्हेच हे लक्षात आल्यावर, मन एकाच कल्पनेवर स्थिरावतं अशा अर्थाचा नवा शब्द त्यांनी सुचवला. तो कुणी घेतला नाही. तेव्हा मराठीतही नवा शब्द पाडत बसू नये; संमोहनच ठेवावा आणि अर्थ नीट समजावून सांगावा.

प्रश्नकर्तीकडून

मग पेपरात 'संमोहित करून वृद्धेचे दागिने लुटले' असं येतं, ते काय? आई तेच कात्रण दाखवते.

प्रतिसाद

ती चक्क फसवणूक असते, ताई. पुढे दंगल झालीय, दागिने काढून पुडीत ठेवा म्हणायचं, हातचलाखीने पुडी बदलायची. कधी गुंगीचं औषध घातलेलं बिस्किट किंवा चहा. बाई घाबरते, गोंधळते, आणि नंतर 'मला काही कळलंच नाही' म्हणते. यासाठी 'भुलवून', 'हातचलाखीने', 'गुंगी आणून' असे चोख शब्द मराठीत आहेत. बातमीदारांनी ते वापरावेत. 'संमोहित करून' लिहिलं की चोराला विद्या चिकटते, आणि उपचार घेऊ पाहणारा माणूस दचकतो.

आणखी एक जपायचा शब्द म्हणजे 'आठवणे'. 'संमोहनात तिला पूर्वजन्म आठवला', 'लहानपणीचा प्रसंग आठवला' असं सर्रास लिहितात. संमोहनाने स्मरणशक्ती अचूक होत नाही. उलट सुचवलेली गोष्ट खरीच घडली अशी खात्री माणसाला वाटू लागते, घरातल्या कुणावर खोटा आळही येऊ शकतो. तिथे 'तिने असं सांगितलं' एवढंच लिहावं. आणि बहिणीच्या पोटाच्या उपचारात कुणी पूर्वजन्माकडे वळलं, तर तिथून सरळ उठून यावं.