जपानी ॲनिमेशनपट: काय पाहावं, कसं पाहावं

नुसती नावांची यादी कुठेही मिळते. इथे हवंय ते त्याच्या पुढचं: चित्रपटातला विचार चित्रात नेमका कुठे आहे, कोणती आवृत्ती लावायची, काय चुकलं की रस जातो. हे चित्रपट ज्यांनी बारकाईने पाहिलेत त्यांनी सविस्तर लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

*

आधी टीव्हीची सेटिंग. बहुतेक घरांत घोटाळा तिथेच होतो.

सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी जपानी ॲनिमेशनमध्ये एकेक चित्र सहसा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. कोणतं चित्र किती वेळ धरायचं हे चित्रकार ठरवतो. पावलाचं वजन, दचकणं, रेंगाळणं, सगळं त्यातून येतं. टीव्हीचं मोशन स्मूदिंग मधली चित्रं स्वतः बनवून भरतं. मग रेषा कडेला विरघळतात आणि माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसतात. सोनीवर मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, नाव काहीही असो, बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की पुरतं. नॉइज रिडक्शनही बंदच ठेवा, नाहीतर हाताच्या रेघेचा खरखरीतपणा पुसला जातो. जिब्ली या जपानी स्टुडिओचे बरेच चित्रपट १.८५:१ मापाचे आहेत, त्यामुळे वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या दिसणारच. झूम करून त्या घालवल्या तर चौकटीच्या कडा कापल्या जातात.

*

वरच्यात भर: आवाज जपानी ठेवाच, पण सबटायटलही तपासा. 'सीसी' लिहिलेला ट्रॅक बहुधा इंग्रजी डबचा मजकूर असतो, जपानी संवादांचा अनुवाद नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: पडद्यावर पात्र गप्प आणि खाली वाक्य दिसतंय, तर ट्रॅक बदला.

यात किती बिघडतं? 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९) मध्ये किकीला आपल्या मांजराचं, जीजीचं, बोलणं कळेनासं होतं आणि शेवटीही ते फक्त म्याव करतं. ती मोठी झाली, हे तिथे कळतं. डिस्नेच्या १९९८ च्या डबमध्ये जीजीला जादा वाक्यं दिली आणि शेवटीही बोलायला लावलं. अर्थच उलटला. 'कॅसल इन द स्काय' (१९८६) च्या डिस्ने डबसाठी तर संगीतकार जो हिसाइशींकडून संगीतच वाढवून घेतलं. मूळ चित्रपटात जिथे नुसता वारा ऐकू येतो, तिथेही वाद्यं आली.

*

'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७, १३४ मिनिटं). याला 'पर्यावरणाचा सिनेमा' म्हणून मोकळं होऊ नका. लोखंड गाळणाऱ्या वस्तीकडे नीट बघा. लोहवाळू आणि कोळसा लागतो, म्हणून डोंगर खणला जातो, झाडं तुटतात. पण त्याच भट्टीचा भाता पायांनी चालवणाऱ्या बायका कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या आहेत, आणि बंदुका बनवणारे कुष्ठरोगी आहेत, ज्यांना दुसरं कुणी जवळ करत नाही. वस्तीची प्रमुख एबोशी रान मारते आणि माणसं जगवते, दोन्ही एकाच हाताने. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी तिला शिक्षा देऊन हिशेब मिटवत नाहीत. चित्रपटाचं मोठेपण मला त्यातच वाटतं.

दोन रानांतला फरकही पाहा. नायक आशिताकाच्या गावाभोवतीचं रान उत्तरेच्या शिराकामी डोंगरांवरून घेतलंय, देवाचं रान दक्षिणेच्या याकुशिमा बेटावरून: शेवाळ, ओल, अडलेला प्रकाश. सुमारे १,४४,००० सेल (पारदर्शक फिल्मवर रंगवलेली चित्रं) वापरले गेले आणि त्यांतल्या ८०,००० च्या आसपास चित्रांवरून मियाझाकींनी स्वतः हात फिरवला, असं सांगितलं जातं. तुटलेले हात आणि मुंडकी दिसतात, तेव्हा अगदी लहान मुलांना बसवू नका.

*

जिब्लीचेच दुसरे दिग्दर्शक इसाओ ताकाहातांचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३, १३७ मिनिटं) यादीत सगळ्यात वर हवा. (शेवट फोडतोय.)

एरवी ॲनिमेशनमध्ये पार्श्वभूमी रंगवलेली आणि तिच्यावर पात्रं सपाट रंगाची, असे दोन थर वेगळे कळतात. इथे पात्रं आणि झाडं एकाच पातळ जलरंगात, एकाच कोळशासारख्या रेघेत आहेत. कडांना कागद कोराच सोडलाय. कागुया मेजवानीतून पळते तो प्रसंग पाहा: अंगावरचे झगे गळत जातात तशी रेघ जाड, फाटकी, शेवटी नुसते ओरखडे होते. तिचा राग कुणी शब्दांत सांगत नाही.

ती मूळची चंद्रावरची. शेवटी तिथली मंडळी तिला न्यायला ढगावरून येतात, तेव्हा संगीत चक्क आनंदी आहे. अनेकांना ते खटकतं, पण तिथेच सगळं आहे. त्यांना दुःख माहीतच नाही. त्यांचा पिसांचा झगा अंगावर पडला की पृथ्वीची आठवण पुसली जाते. दुःख गेलं, पण त्याबरोबर पाखरं, गवत, आईबापही गेले. हे सुख म्हणायचं का, हा प्रश्न चित्रपट आपल्याकडे सोपवतो. मध्ये थांबवून दोन बैठकींत पाहू नका, ऋतूंची लय तुटते.

*

'घोस्ट इन द शेल' १९९५ चाच लावा. २००८ च्या '२.०' आवृत्तीत काही दृश्यं संगणकावर नव्याने केली आणि हिरवट छटा नारिंगीकडे नेली. मधला कालव्याचा भाग, पाऊस, दुकानांतले पुतळे, केनजी कावाईंचं संगीत, पूर्ण बिनसंवादाचा आहे. तो पुढे ढकलू नका. शरीर कारखान्यातलं असेल तर 'मी' कोण, हा प्रश्न यंत्रशरीराची नायिका कुसानागी तिथे एकही शब्द न बोलता विचारते.

दिग्दर्शक सातोशी कोन यांच्या चित्रपटांत आधी 'मिलेनियम ॲक्ट्रेस' (२००१, ८७ मिनिटं). आठवण कुठली आणि सिनेमातला प्रसंग कुठला हे वेगळं करत बसू नका. एका हालचालीतून दुसऱ्या काळात उडी, हीच त्याची भाषा आहे. 'परफेक्ट ब्लू' (१९९७) त्यानंतर, आणि तो फक्त प्रौढांसाठी.

*

वेळ कमी असेल तर दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा 'द गार्डन ऑफ वर्ड्स' (२०१३), ४६ मिनिटं. बागेत बसलेल्यांच्या गालाच्या कडेवर पानांचा हिरवा उजेड परततो, तो बघा. टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर असेल तर हा बारकावा जळून जातो.

*

युद्धावरचे दोन. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' १९८८ मध्ये 'टोटोरो'बरोबर जोडीने प्रदर्शित झाला. दोन्ही जिब्लीचेच म्हणून मुलांना लागोपाठ दाखवू नका. बाह्यरेषा काळ्याऐवजी तपकिरी आहेत, पण रात्रीची दृश्यं फार गडद. खोलीतला दिवा मालवा.

'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' (२०१६) मध्ये तारखा शोवा वर्षांत, म्हणजे तेव्हाच्या सम्राटाच्या राजवटीवरून मोजलेल्या वर्षांत, येतात. त्यात १९२५ मिळवा: शोवा २० म्हणजे १९४५. हा हिशेब डोक्यात नसेल तर स्वयंपाक, शिवण, रेशनच्या रांगा संथ वाटतात. असेल तर प्रत्येक महिना ६ ऑगस्टकडे सरकताना दिसतो. नायिका सुझू हिरोशिमात नाही, जवळच्या कुरे बंदरात आहे. त्यामुळे त्या सकाळी आधी फक्त लख्ख उजेड होतो. आवाज आणि हादरा मागाहून येतो. आवाज मोठा ठेवा आणि तेवढी मिनिटं घरात कुणी बोलू नका.